संक्रांतीच्या कार्डाचा कापलेला कोपरा

मी, आनंदीबाई भ्रतार विष्णू पोंक्षे, वय वर्षे अठ्ठावन्न, राहणार मौजे दहिवली, तालुका कर्जत, जिल्हा कुलाबा, कोणाच्याही दडपणाखाली नसता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, बुद्धी मात्र ठिकाणावर आहे. कोणाला शंका असेल त्याने येऊन माझ्याशी दोन घटका भांडून पाहावे.

कलम १. दहिवलीचे घर व परसातली दोन फणसाची झाडे मला वडिलांनी बक्षीसपत्राने दिली असून ते माझे स्त्रीधन आहे. हे सर्व माझी एकुलती मुलगी पद्मजा हिला मिळावे. दीर हरी पोंक्षे यांचा त्यावर काडीचाही हक्क नाही. यजमान गेल्यावर मी संक्रांतीची कार्डे करू लागले, तेव्हा "विधवा बाईचे हे काय रंगीबेरंगी चाळे?" असे ते चारचौघांत बोलले. त्यांना काहीही ठेवलेले नाही, आणि हे काही विसरल्यामुळे राहून गेलेले नाही.

कलम २. सुगड, पतंग, हलव्याचे दागिने असे माझे नऊ लाकडी ठसे शेजारीण सुंदरा हिला द्यावेत. आठ वर्षे तिने रंग कालवला आणि मी छापले. हळदीकुंकवाला मला कोणी बोलावत नसे, पण माझे कार्ड घरोघर जायचे. मला तेवढे पुष्कळ होते.

कलम ३. कार्डाचा कोपरा पाकळीसारखा कापायचा लोखंडी साचा कोणालाही देऊ नये. सहदेव लोहाराने तो हौसेने करून दिला, त्याचा दोष नाही. त्यानेच तो भट्टीत घालून ठोकून सपाट करावा. कारण लिहिते.

सन १९४४च्या संक्रांतीला तो पहिल्यांदा वापरला. कागद जाड, ठोकून ठोकून मनगट भरून आले, म्हणून चार कोपऱ्यांऐवजी एकावरच भागवले. सुंदरा म्हणाली, "बाय, येकच कोपरा नको गं कापू. मानूस मेल्याचं कागुद आसंच येतं." मी म्हटले, "तो हाताने फाडतात. ही पाकळी आहे, पाकळी! तुला काय कळतंय त्यातलं?"

पहिले कार्ड भिवपुरीला पद्मजाच्या सासरी धाडले. तिथे विजेच्या कारखान्याच्या वसाहतीत पत्ता इंग्रजीत लागतो, म्हणून तो मालोजी मास्तरांनी लिहिला. दहिवलीचा शिक्का, परके अक्षर आणि कापलेला कोपरा पाहून तिच्या सासूने कार्ड उंबऱ्याच्या आत घेतलेच नाही. न उलटता, न वाचता फाडून टाकले आणि सुनेला सांगितले, "तुझी आई गेली."

पद्मजाला पाचवा महिना होता. मिळेल त्या छकड्यात बसून, भाताच्या खाचरांतून धक्के खात ती आली. मी ओटीवर कार्डे वाळवत होते. तिचे केस सुटलेले, रडून घसा बसलेला. मला पाहून ती अंगणातच थिजली. आणि मी हसले! "अगं वेडे, जिवंत आहे मी!" म्हणून खदखदून हसले. ती कंबर धरून खाली बसली, तरी माझे हसणे आवरेना. तिसऱ्या दिवशी कर्जतच्या डॉक्टरांना आणले, पण मूल राहिले नाही.

जाताना ती म्हणाली, "आई, कोपऱ्याचं मी विसरेन. तू हसलीस, ते नाही विसरणार." तेव्हापासून ती आलेली नाही. माझी पत्रे न फोडता परत येतात. आनंदाने हसू आले, असे मी लोकांना सांगते. ते खोटे आहे. मला गंमत वाटली होती, आणि त्याची मला अजून लाज वाटते. पद्मे, माझे चुकले गं.

कलम ४. मी गेल्याचे पत्र किंवा तार पद्मजाला करू नये. सुंदराने स्वतः जावे. तिला आधी बसवावे, पाणी द्यावे, मग सांगावे. येत नाही म्हणाली तर आग्रह करू नये. निघाली तर म्हणावे, सावकाश ये, घाई नाही. ती येईपर्यंत मला घरातून उचलू नये. दिवस मावळला तरी चालेल.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, दोघांच्या समक्ष त्यावर सही केली.

सही : आनंदीबाई भ्रतार विष्णू पोंक्षे

साक्षीदार :
१. मालोजी राघोजी देशमुख, शाळामास्तर
२. सहदेव धर्मा लोहार, डाव्या अंगठ्याची निशाणी

मुक्काम दहिवली, मंगळवार, ता. ३ डिसेंबर १९४६