पातं नसलेली तलवार

आई, स्टुलाचा एक पाय डुगडुगत होता आणि माझा हात कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणात कोपरापर्यंत आत गेला होता. चादरींच्या मागे, उशीच्या खोळीत गुंडाळलेली मूठ हाताला लागली. पितळेचा थंडपणा खोळीतूनही कळला. खाली स्टूल धरून उभी असलेली मुलगी म्हणाली, "मावशी, मिळाली का?" मी नाही म्हणाले. दोन चादरी खाली दिल्या आणि उतरले. ती शेजारच्यांची नात, पाचवीत आहे. त्यांच्या घरात मराठी आजीपुरती उरली आहे, त्यामुळे ती वाक्य मराठीत सुरू करते आणि हिंदीत संपवते. इथल्या मराठी मंडळानं या गणपतीत मुलांचं नाटक बसवायला मला सांगितलं. मी तू लिहिलेलंच घेतलं, आमच्या लहानपणी तू मंडळात बसवत होतीस ते, कारण ते मला अजून पाठ आहे. सूर्य विझलेल्या ग्रहावरचा शेवटचा पहारेकरी आणि त्याची उजेडाची तलवार. पहारेकरी ही मुलगी आहे. तलवारीची मूठ घरात कुठंतरी असेल, असं मीच बोलून गेले होते. "मी पट्टीनंच करते," ती म्हणाली, "कोई बात नहीं." आणि गेली.

तालमीच्या पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं होतं, "मावशी, टॉर्चची लाइट तर जातच राहते ना. मग ही तलवारीची इथंच काहून थांबते?" हाच प्रश्न आपल्या स्वयंपाकघरात बाबांनी तुला विचारला होता. ते कारखान्यातून नुकतेच आलेले आहेत, दाराच्या चौकटीला टेकून उभे आहेत. तू पोळ्या करते आहेस. मी आणि धाकटा भाऊ ताटं घेऊन बसलो आहोत, आणि त्याच्या ताटातली भाजी तशीच आहे, कारण तो ऐकतो आहे. बाबा म्हणतात, उजेडाला टोक नसतं, तुझी तलवार इथं लावली तर पार बरगी धरणापर्यंत जाईल. तू पोळी उलटतेस. सांगतेस की तो नुसता उजेड नाही. आत वायू आहे, इतका तापलेला की तोच उजेड झाला आहे. त्याच्याभोवती चुंबकाचं म्यान आहे, डोळ्यांना न दिसणारं. वायू मुठीतून निघतो, टोकाशी वळतो आणि मुठीत परत येतो. परत येतो म्हणून टोक आहे. बाहेर काही सांडत नाही म्हणून धरणाऱ्याचा हात भाजत नाही, लागेल त्याच्यातच काय ती आच उतरते. बाबा विचारतात, दोन तलवारी भिडल्या तर, उजेडातून तर उजेड आरपार जातो. तू म्हणतेस, म्यानं भिडतात, चुंबक चुंबकाला ढकलतं. हात धुता धुता ते शेवटचं विचारतात, "अन् एवढी वीज कुठून आणून राहिली तू? इथं पंखा धड फिरत नाही."

"तेवढं एक खोटं आहे," तू म्हणालीस. "नाटकात एक खोटं चालतं. दुसरं नाही चालत."

पातं बाबांनी करून पाहिलं होतं. ओमतीच्या बाजारातून आणलेला निळा कागद, त्याची नळी, आत तार. दुसऱ्याच तालमीत ती वाकली. तू ती काढून टाकलीस आणि फक्त मूठ ठेवलीस. जुन्या पितळी टॉर्चची नळी, काच नाही, सेल नाही, वर काळी टेप. बटन मात्र शाबूत. मुलं रुसली. तू म्हणालीस, पातं धरणाऱ्यानं नाही दाखवायचं, ते बाकीच्यांनी दाखवायचं. बटन वाजलं की सगळ्यांनी पात्याच्या लांबीएवढं मागं व्हायचं, डोळे बारीक करायचे. मूठ ज्या बाजूला वळेल ती बाजू रिकामी झाली पाहिजे. लोकांना ती रिकामी जागा दिसेल. आणि धरणाऱ्यानं एवढंच लक्षात ठेवायचं की पात्याला वजन नाही, सगळं वजन मुठीत आहे, म्हणून ती खांद्यातून नाही, मनगटातून फिरते.

मी त्या नाटकात म्हातारी होते. एकदा पुढचं वाक्य आठवत मी सरळ चालत गेले, पहारेकऱ्याच्या म्हणजे माझ्या भावाच्या अगदी समोरून. तू तालीम थांबवलीस. "तू आत्ता कापली गेलीस," तू म्हणालीस. "बाहेर जाऊन बस." आवाज चढवला नाहीस, म्हणून जास्त लागलं. मी मंडळाच्या पायऱ्यांवर बसले. थोड्या वेळानं तो आला. त्यानं बटन बंद केलं, मूठ आमच्या दोघांच्या मधे ठेवली आणि शेजारी बसला. "तू मेली तर मी वाचवू कोणाले?" तो म्हणाला.

घरात तू कोणाच्या हातात चाकू दिला नाहीस. मागितला की ओट्यावर ठेवायचीस, मग समोरच्यानं उचलायचा. हातातून हातात दिला की भांडण होतं, एवढंच कारण तू सांगायचीस. एका संध्याकाळी तू कांदा चिरत होतीस आणि तो म्हणाला, "आई, मग तलवार पण तशीच द्यायची ना? बुझवून, खाली ठेवून?" तू चिरता चिरता थांबलीस. शेवटी पहारेकरी आपली तलवार गावातल्या एका मुलीला देतो, तो प्रसंग तुला जमत नव्हता. दुसऱ्या दिवसापासून तो ती विझवून जमिनीवर ठेवू लागला आणि मागे सरकू लागला. देणारा मागे सरकल्याशिवाय घेणाऱ्यानं हात लावायचा नाही. नाटकातली ही एक गोष्ट त्याची आहे.

गणपती जवळ आले आणि त्याला ताप आला. दवाखान्यात, शुद्धीवर असताना, त्यानं विचारलं की आता पहारेकरी कोण करून राहिलं. तू त्याच्या कपाळावरची पट्टी बदलत होतीस. "तू येईपर्यंत त्या मुठीला कोणी हात लावणार नाही," तू म्हणालीस. ताप मेंदूत गेला. तो घरी आला नाही. नाटक झालं नाही. तू मूठ त्याच्या उशीच्या खोळीत घातलीस, आणि पुढे मंडळात गेलीस ती फक्त आरतीला, मागच्या रांगेत उभी राहायला. एकदा घरातली टॉर्च बिघडली तेव्हा बाबांनी ती जुनी कुठं आहे असं विचारलं. तू म्हणालीस, ती टॉर्च नाही. ते नवीन घेऊन आले आणि पुन्हा कधी बोलले नाहीत. आता तेही नाहीत. खोळ माझ्याकडे आली, तशीच.

मला राहून राहून तुझं ते स्वयंपाकघरातलं वाक्य आठवतं. परत येतो म्हणून टोक आहे. तो परत आला नाही, म्हणून तुझ्या शब्दाला टोक राहिलं नाही. तुझ्यानंतरही तो शब्द जातच राहिला आहे, माझ्या कपाटापर्यंत.

काल तालमीत ती मुलगी पट्टी घेऊन उभी राहिली. कोणी मागे सरकलं नाही. पट्टी दिसते, मग पातं कसं दिसणार? एका मुलानं पट्टीचं दुसरं टोक धरून ओढलं आणि सगळे हसले. तीही हसली, पण नंतर पायऱ्यांवर जाऊन बसली, मी न सांगता. म्हणून आज तिला कपाट दाखवायला घरी आणलं, आणि मूठ हाताला लागल्यावर नाही म्हणाले.

ती गेल्यावर मी खोळ सोडली. टेपवर लहान बोटांच्या खाचा आहेत. माझी बोटं त्यांत बसत नाहीत. बटन दाबलं तर अजून वाजतं. दुपारभर ती समोर ठेवून बसले. ती तिच्या हातात देणं म्हणजे तुझा शब्द मोडणं, आणि तो मोडायचा अधिकार माझा नाही. पण त्यानं शोधलं होतं तसं विझवून खाली ठेवता येईल. मागे सरकता येईल. एवढं विचारायलाच हे लिहायला घेतलं. पाठवायला पत्ता नाही, हे मला कळतं. खरं सांगायचं तर पत्ता असता तरी पाठवलं नसतं. तू नाही म्हणाली असतीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीला मी मूठ मधोमध फरशीवर ठेवली आणि मागे सरकले. मुलगी थांबून राहिली. मी आणखी थोडी मागे गेले. मग तिनं ती उचलली. कुठं मिळाली ते विचारलं नाही. तिनं बटन दाबलं तेव्हा मुलं मागे झाली, आणि पट्टी ओढणारा मुलगा भिंतीला टेकला.