पहिलं आवतन

बन्सीदादास,
धाकट्या सरूचा नमस्कार.

माझ्या पोरीचं, आपल्या संस्कृतीचं लग्न गोव्याला, समुद्राकाठी आहे. दोनशे पाव्हण्यांच्या खोल्या, जेवणं, फुलं, सगळं ठरलं. दुपारी जरा डोळा लागला की मला तेच लग्न दिसतं. वाळूवर मांडव हलतोय, मंगलाष्टका लाटांत विरून जातायत आन् अंतरपाटाआड पोरगी उभी आहे. तिच्या पाठीमागची मामाची जागा तेवढी मोकळी. तिथून नुसता वारा येतो आन् तिचा शालू फडफडवतो.

काल वहिनीनं फोनवर तुझा निरोप सांगितला, "मोबाइलवर आवतन धाडलं, तर नवरीमागं मोबाइललाच उभा कर म्हणावं."

व्हय दादा. देवानंतर पहिलं आवतन मामाचं, तेबी अक्षता घेऊन त्याच्या घरी जाऊन. लग्नाचं सगळं बघणाऱ्या मॅनेजर पोरीनं मोबाइलवर बटन दाबलं आन् सगळ्यांसंगं तुलाबी पत्रिका गेली. मी गोव्याला चार चकरा मारल्या, पण बजाजनगरहून तासाभरावर तुझ्या घरी हर्सूलला यायचं मला सुचलं नाय.

लिहिलं खरं, पण हे पत्र धाडत नाय. धाडलं असतं तर घरात बसून बोलावणं, पुन्हा तेच झालं असतं. अक्षता कुंकवात भिजवून ठेवल्यात, सकाळी घेऊन येते. राग खुशाल धर. दार तेवढं तूच उघड.

तुझी,
सरू