फोटोखालची गरम भिंत

आण्णा, तुमच्या फोटोखालची भिंत गरम लागते. उन्हानं नव्हे, तासगावात सध्या स्वेटर घालून बसावं लागतंय. आई रोज सांजवात झाली की तिथं तळहात टेकवते आणि म्हणते, "अजून हायत गं. ऊब हाय बघ." शेजारणींनाही बोलावून दाखवते. त्याही डोक्यावर पदर घेऊन हात लावून जातात. मला आधी हसू आलं. मग फोटोशेजारच्या विजेच्या बोर्डाकडे लक्ष गेलं. बटण पिवळं पडून वाकलेलं, मासळी करपल्यासारखा वास.

शाळेत असताना मी असंच गरम बटण चाचपत होते, तर केवढ्यांदा ओरडलात! "हात काढ! आधी मेन पाड, मग बोल." रडले म्हणून दुसऱ्या दिवशी लाल मुठीचा टेस्टर आणून दिलात. पण तुमचं स्वतःचं काय हो? फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात जाड तार घातलीत आणि गल्लीभर सांगत सुटलात, "आता उडतोय कसा बघू!" नाहीच उडाला. तुम्ही गेलात तरी नाही. दिव्यासाठी ओढलेल्या त्या बारीक वायरीवर आता गिझर आहे, फ्रीज आहे, तुमच्या फोटोचा लाल बल्बही. आणि आई त्याच भिंतीला डोकं लावून झोपते. लय राग येतो मला तुमचा.

परवा मेन पाडायला गेले तर ती आडवी आली. "बल्ब इझू देणार न्हाई. त्यास्नी अंधारात ठिवायचं व्हय?"

"अगं आई, जळून मरशील!"

"मग त्यांच्याकडंच जाईन की." हे ती भाजी निवडत म्हणाली.

आज ती देवळात गेल्यावर मी वायरमनला बोलावलं. मेन पाडून त्यानं बोर्ड खोलला. जोड जळून काळा, मागची लाकडी फळी आतून कोळसा झालेली. "ताई, लय थोडक्यात वाचलासा," एवढंच म्हणाला. वायर बदलली, गिझरला वेगळी लाइन दिली, तुमची जाड तार काढून टाकली. बल्ब पुन्हा लागला.

संध्याकाळी आईनं हात टेकवला. भिंत गार. तिनं हात वर-खाली सरकवला, चौकटीच्या कडेनं फिरवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "गेले गं."

हे पत्र टाकायचं कुठं, म्हणून ते टेस्टरच्या डब्यात ठेवतेय. एक सांगायचं राहिलं. वायरमन यायच्या आधी, मेन चालू असताना, मीही तिथं हात टेकवला होता. तुमचं ओरडणं आठवत होतं, तरी लगेच काढला नाही.