घरापर्यंतची स्टेपनी

प्रिय दादा,

मागच्या पत्रात मी तुला लिहिलं होतं, की बाबा स्टेपनी लावलेली गाडी घेऊन घरी येत होते आणि आपल्या घरच्या उतारावर स्टेपनी निखळून त्यांचा अपघात झाला. त्यातलं निम्मं चूक आहे. आधी तीच चूक दुरुस्त करते.

झालं असं. त्या जुन्या गाडीचे मालक ती आता प्रदर्शनात ठेवणार आहेत. शेजारी लावायला माहिती लिहून द्या म्हणाले, तुम्ही शिकलेल्या. मी लिहिलं, ‘स्टेपनी म्हणजे जादा चाक.’ लिहिलं, पण जिवाला चैन पडेना. कुलूप लावल्यावर पुन्हा पुन्हा ओढून बघणारी मी, तुला ठाऊकच आहे. शेवटी आपल्या गॅरेजमध्ये जाऊन ती स्टेपनी भिंतीवरून उतरवून घेतली. ना आरे, ना मधला तुंबा. नुसती रिंग आणि तिच्यावर टायर. मग बाबांचं बोलणं आठवलं. आज आपण डिकीतल्या कुठल्याही चाकाला स्टेपनी म्हणतो, पण या गाडीचं चाक रस्त्यात निघायचंच नाही. हवा गेलेलं चाक जागच्या जागी ठेवायचं आणि ही रिंग क्लॅम्प लावून त्याच्या अंगाला आवळायची. बाबा म्हणायचे, “लंगड्याला हात दिलाय, शर्यतीत नाही उतरवलंय.” हळू चालवायचं आणि फक्त घरापर्यंत. पुढे जायचंच असेल, तर वाटेत उतरून क्लॅम्प पुन्हा आवळायचे. तू पाना धरून धापा टाकायला लागलास, की चिडवायचे, “काय पैलवान, खुराक संपला?”

ती रिंग उतरवायला मदत केली क्रेनवाल्याने. अपघाताच्या दिवशी गाडी उचलून आणणारा तोच. सहज म्हणाला, “ताई, नदीच्या पुलापलीकडून ओढून आणताना नाकी नऊ आले होते.” मी म्हटलं, तुमची गफलत होतेय, गाडी आमच्या उतारावर होती. तर म्हणाला, “गफलत कसली? तुमच्या कॉलेजच्याच रस्त्यावर. सीटवर कागदात गुंडाळलेला इस्त्रीचा शर्ट होता, तो मीच आईंच्या हातात दिला.”

घरचा उतार हे दवाखान्यात कुणीतरी म्हणालं होतं. तू गॅरेजमधून थेट तिथेच आलास, मी कॉलेजातून. जागा आपण कुणीच पाहिली नाही. ऐकलेलं मी खरं म्हणून लिहून टाकलं.

त्या दिवशी माझा पदवीदान समारंभ होता. बाबांना बोलावलं, तर म्हणाले, “आमचे हे तेलकट हात. तिथे आमचं काय काम, मास्तरीणबाई?” तरी शेजारची खुर्ची मी शेवटपर्यंत कुणाला बसू दिली नव्हती. आणि तुला ते सांगून निघाले होते, आज गाडी घरी नेतो, उद्या नवा टायर चढवू. बहुतेक मला चकित करायचं होतं. शर्ट तिथे पोचल्यावर बदलणार असतील.

दादा, तू आवळलेले क्लॅम्प घराचं वळण ओलांडून, बाजार ओलांडून, पूल ओलांडून टिकले. वाटेत थांबून आवळा, हे सगळ्यांना शिकवणारा माणूस स्वतः मात्र थांबला नाही. त्याला उशीर होत होता.

तू तिकडे गोदामात खोकी बांधतोस, सायकलचा पंपसुद्धा हातात घेत नाहीस, असं कळलं. इथे आई तुझं नाव काढत नाही. कुणी विचारलंच तर म्हणते, “पोराच्या हातानं बाप गेला.” तो शर्ट तिने कपाटात तसाच ठेवलाय, कागदासकट. तिला वाटतं, बाबा तो इस्त्रीवाल्याकडून घरी आणत होते.

तिला खरं सांगायला हवं. ऐकल्यावर ती विचारेल, शिकायची हौस कुणाला होती? इतके दिवस तिचा राग तू सोसलास. आता माझी पाळी. भीती वाटते, पण आईची नाही, माझाच धीर सुटेल याची. म्हणून हे तुला आधी लिहून ठेवते, म्हणजे मागे फिरायला वाट उरणार नाही. मला सुट्टी असते त्या दिवशी सकाळी आई अंगणात केस वाळवत बसते. तो शर्ट तिच्या मांडीवर ठेवून मी सगळं सांगणार आहे, येत्या गुरुवारी.

तुझीच,
मास्तरीण