निळ्या टोपणाची बाटली

बॅलीनाकारा, क्लेअर परगणा
मंगळवार, १५ ऑक्टोबर १९९६

प्रिय इटा,

तू बरी असशील असं लिहायची रीत आहे. नाहीस, ते मला ठाऊक आहे. मी बरी आहे. गुडघे सोडले तर माझ्यात मोडण्यासारखं काही उरलेलं नाही. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. शेजारच्या डिम्फनाने नवे दात बसवले, आता ती जास्तच बोलते.

फिंटन तीन दिवसांसाठी येतो म्हणाला होता, त्याला तीन आठवडे झाले. परवा बटाट्यांची सालं जाड काढत होता म्हणून बोलले, तर म्हणाला, "मला काहीच धड जमत नाही, आई. पोरीच्या नेब्युलायझरचा पेलासुद्धा उकळता येत नाही." चाळिशीचा माणूस, मोरीपाशी उभा राहून रडला. मी म्हटलं, "बाजूला हो, बटाटे खारट होतील." मी अशीच आहे, तुला माहीत आहे.

डॉक्टरचं म्हणणं त्याने मला समजावून सांगितलं. ओर्लाचा कफ जन्मापासूनच डिंकासारखा, तो आपणहून वर सरकत नाही, म्हणून तर आपण तिला पालथं घालून पाठ थोपटतो. त्या कफात आता पाण्यातला एक जंतू शिरलाय. अजून भाडेकरू आहे म्हणे. तीन महिने गोळ्या आणि मशीनमधून औषध दिलं तर निघेल. पण एकदा त्याने स्वतःभोवती बुळबुळीत घर बांधलं की तोच मालक, औषध आत पोचत नाही, आणि फुप्फुस वर्षानुवर्षं कुरतडत बसतो.

जंतू आला कुठून, असं डॉक्टरने विचारलं आणि तू फिंटनकडे बघितलंस. एकदा पबमधून येऊन त्याने पेला न उकळता ठेवला होता, एवढंच. तेव्हापासून तो माझ्या घरी आणि तू तिथे एकटी.

हे पत्र मी दोनदा चुलीत घातलं. आता तो धारा काढतोय तेवढ्यात लिहिते.

जुलैत ओर्ला आठवडाभर माझ्याकडे होती. शेवटच्या रविवारी सगळं गाव संतिणीच्या विहिरीवर जातं, आम्हीही गेलो. विहिरीला सात फेरे, पाण्याचे तीन घोट, झाडाला नवसाची चिंधी. तू नको म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही. तुझा सतरा नियमांचा कागद माझ्या कपाटावर चिकटवलेला होता. तुझं बारीक अक्षर मला वाचता येत नाही असं म्हणून सुटले असते, पण ओर्लाने, माझ्या नातीने, तो मला मोठ्याने वाचून दाखवला होता. "साचलेलं पाणी नको, ममो. अकरावा नियम."

मी म्हटलं, "हे साचलेलं नाही, पवित्र आहे."

मग मला वाटलं, घोट जातो पोटात, दुखणं आहे छातीत. डब्लिनच्या शहाण्यांनी पाण्याचं धुकं करून थेट छातीत पोचवणारं मशीन दिलंय, तर संतिणीचं पाणी त्यातूनच का जाऊ नये? रोज संध्याकाळी तिच्या औषधात मी चार थेंब घातले. ती खोकली, कफ पडला, मला वाटलं गुण आला. माझा भाऊ शेमस सातव्या वर्षी असाच खोकून गेला. ओर्लाच्या कपाळाचा मुका घेतला की खारट लागतं, तसंच त्याचंही लागायचं. ही सबब नाही, तुला माहीत असावं म्हणून लिहिलं.

इटा, अजून सांगायचं राहिलंय. जाताना मी तिला बाटली भरून दिली. प्लॅस्टिकची, मेरीमातेच्या आकाराची, निळ्या मुकुटाचं टोपण असलेली. तिच्या कापडी सशाच्या पोटाची शिवण उसवून आत ठेवली आणि वर बटण लावलं. काल ती बापाशी फोनवर बोलली, मग मला म्हणाली, "ममो, थेंब अजून आहेत. आई गोळ्या आणायला वळली की मी घालते." मी म्हटलं, ओतून टाक, आत्ताच्या आत्ता. तर म्हणते, "तूच म्हणालीस ना, मध्येच थांबलं तर संतीण रागावते." माझंच वाक्य. आठ वर्षांची पोर, माझ्यापेक्षा शब्दाला पक्की.

फोन हातात होता, तुला बोलाव म्हणायचं होतं. फिंटन मागे उभा होता. मी फोन ठेवला. काल रात्री तिने थेंब घातले असतील, आज सकाळीही.

ते पाणी मोरीत ओत, बाटली जाळ. पेला आणि नळी नवी घे. डॉक्टरला खरं सांग, माझं नाव घेऊन सांग. औषध पुन्हा पहिल्यापासून द्यावं लागेल की काय, ते त्याला कळेल. आणि ओर्लाला सांग की संतीण रागावत नाही, ममो खोटं बोलली.

फिंटन कपडे न्यायला येतोय, त्याच्याच हाती हे देते. पाकीट चिकटवलंय, आत काय आहे त्याला माहीत नाही. तू वाचशील तेव्हा तो दारातच उभा असेल. त्याला आत घे आणि तूच सांग. माझ्याने ते तोंडाने सांगणं झालं नाही.

मला आत घे असं मी म्हणत नाही. दरवेळी खाली ममो लिहिते. आज नुसती

डेलिया