ओल्या फडक्यातली निलगिरीची पानं

सर,

तुमचं चुकलं होतं. एवढंच लिहायला बसले होते, पण एवढं लिहून माझं पोट भरेना. मूल गावच्या वाटेवरच्या त्या ठेकेदाराच्या नर्सरीत निलगिरीची रोपं करपली होती, आठवतं? तुम्ही बुरशी म्हणून लिहून दिलं होतं. ती बुरशी नव्हती, जिवाणू होता. यंदा त्याच नर्सरीत तोच रोग पुन्हा आला आणि मला बोलावणं आलं, कारण तुमच्यामागे या भागातली करपलेली, कुजलेली, डागाळलेली पानं माझ्याच टेबलावर येऊन पडतात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुमच्या जुन्या खोलीत बसणाऱ्या पोरांना तिथे आधी कोण बसायचं तेही ठाऊक नाही. मला मात्र तुमच्याशी कडाकडा भांडायचंय, आणि तुम्ही नेमके सापडत नाही.

पानं या वेळी मी स्वतः जाऊन तोडली, कोणाला पाठवायला सांगितली नाहीत. पाण्यात भिजल्यासारखे डाग, शिरांनी अडवल्यामुळे कोपरेदार झालेले, उजेडात धरलं तर आरपार दिसणारे. तुम्हीच शिकवलं होतं, डागाचा मधला मेलेला भाग घेऊ नका, तिथे नंतर कोणीही येऊन बिऱ्हाड थाटतं; मेलेलं आणि जिवंत जिथे भेटतं ती कड कापा. कड कापली, काचेवर पाण्याच्या थेंबात ठेवली, वर दुसरी काच ठेवली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. कापलेल्या जागेतून चुलीच्या धुरासारखं काहीतरी भसाभसा बाहेर पडत होतं. बुरशी अशी वाहत नाही. शेजारी ठेवलेला चहा गार व्हायच्या आत मला कळलं होतं, आणि सर, तेव्हाच माझ्या डोक्यात तिडीक गेली. पुढचं सगळं मी तुमच्याच शिस्तीनं केलं. काचेच्या बशीत जिवाणूच्या पिवळ्या, चिकट वसाहती वाढवल्या. त्यातला जिवाणू निरोगी रोपांवर फवारला, त्यांना तसेच डाग पडले, त्या डागांतून तोच जिवाणू परत काढला. जनुकं तपासायला बाहेर पाठवली. झँथोमोनास नावाचा जिवाणू निघाला. पण हे सगळं जगाला दाखवण्यासाठी. माझ्यापुरतं उत्तर त्या एका थेंबात आलं होतं, आणि एक थेंब पाणी तुमच्याकडेही होतंच की.

तेव्हा मी शाळेत होते. आई त्या नर्सरीत कामाला जायची. आमची माणसं मूळची वैनगंगेच्या काठची, सावली गावाकडची, मासे धरणारी. बाप तळ्यावर जायचा, आई टोपली घेऊन गावोगाव फिरायची, आणि नर्सरी निघाली तेव्हा टोपली ठेवून ती तिकडे लागली. निलगिरीच्या फांद्यांचे तुकडे कात्रीनं कापायचे, खोबणीत रोवायचे, मुळं फुटली की उन्हात काढायचे. हात इतका हलका, की ठेकेदार नव्या बायकांना तिच्या शेजारी बसवायचा. मग पानं करपायला लागली. कॉलेजातल्या साहेबाकडे पानं पाठवायची ठरलं आणि बांधायचं काम हलक्या हाताच्या बाईकडेच आलं. तिनं काय करावं? मासे जसे न्यायची तसंच केलं. लुगड्याचं फडकं फाडलं, पाण्यात बुचकळून पिळलं, त्यात पानं गुंडाळली, वरून पळसाची पानं, वरून प्लास्टिकची पन्नी, आणि गाठोडं बसच्या कंडक्टरच्या हाती दिलं. मी तिथेच उभी होते. "ओलं ठेवलं का ताजं रायते," ती मला म्हणाली. "साहेबाले पान कसं टवटवीत दिसलं पायजे."

ते पान तुमच्यापर्यंत पोचेतो त्यावर बुरशीचं रान माजलेलं असणार. वैशाखातली बस, बंद पन्नी, ओलं फडकं. आणि तुम्ही त्या रानाकडे बघून लिहून दिलंत, बुरशी आहे, पाणी संध्याकाळी घालू नका, कामगारांच्या अस्वच्छ हातांनी प्रसार होतो. ठेकेदाराला तेवढंच पुरलं. मेलेल्या रोपांचं खापर त्यानं बायकांच्या डोक्यावर फोडलं. "साहेबानं लिवून देल्लं हाय, तुमच्या हातानं रोग पसरून राह्यला. उद्यापासून येऊ नोका." बुरशीचं औषध त्यानं पिंपं भरून मारलं, जिवाणूला त्याचं काय! रोपं गेली ती गेलीच. बाकीच्या बायका शिव्या घालत दुसऱ्या कामाला लागल्या. माझी आई मात्र घरी आली आणि दोन्ही हात राखेनं घासत बसली.

तेव्हापासून ती कुठल्या रोपाला हात लावत नाही. आमच्या भागात बाईनं रोवणीला हात लावायचा नाही म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. आषाढात सगळं गाव धानाच्या शेतात, बांधीत उतरतं, पऱ्हे म्हणजे धानाची कोवळी रोपं खणायची, पेंड्या बांधायच्या, चिखलात रोवायच्या, बायका ओळीनं गाणी म्हणत असतात. आणि माझी आई कडेच्या धुऱ्यावर, बांधावर बसून त्यांना पाणी पाजते. कोणी तिला नको म्हटलं नव्हतं. ती स्वतःच म्हणायची, "माझा हात नोका लावू, जळंल." अंगणात कोथिंबीर टाकायची तरी शेजारणीला हाक मारते. सुरुवातीला लोक हसायचे. पुढे तेच लोक, पीक पिवळं पडलं की तिच्याकडे बघायला लागले.

आणि मग मी तुमच्या वर्गात येऊन बसले. तुम्ही फळ्यासमोर उभे, हातात खडू, नमुने कसे पाठवावेत हा तास. "कसं पाठवू नये ते आधी सांगतो," तुम्ही म्हणालात. "एकदा मला एका नर्सरीतून निलगिरीची पानं आली. ओल्या फडक्यात! वरून पळस! मला वाटलं, कोणी बोंबील पाठवलेत." वर्ग फिदीफिदी हसला. तुम्हीही हसलात. "अशा नमुन्यावरून काहीही सांगता येत नाही. फेकून द्यायचा आणि दुसरा मागवायचा. लिहून घ्या." सगळ्यांनी लिहून घेतलं. मी उभी राहिले. "मग सर, त्या नर्सरीला तुम्ही काय कळवलंत?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "काय कळवणार? बुरशी दिसली, बुरशी लिहिली. हात धुवा म्हटलं. सगळीकडे तेच असतं. बस खाली, तास चालू आहे."

म्हणजे तुम्हाला कळत होतं. हेच मला आजपर्यंत गिळता येत नाही. न कळणारा माणूस चुकला तर मी काय बोलणार? तुम्ही जो नियम आम्हाला घोकायला लावलात, तो त्या दिवशी तुम्ही मोडलात, कारण समोर नर्सरीतल्या बायका होत्या. एखाद्या मोठ्या बागायतदाराची संत्री असती तर गाडी काढून गेला असतात.

पुढे मी तुम्हाला सांगितलंसुद्धा. प्रयोगशाळेत आपण दोघंच होतो, मी बशा धूत होते. म्हटलं, "सर, ते फडकं माझ्या आईचं होतं." तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, पुन्हा घातलात. मला वाटलं, आता काहीतरी बोलाल. तुम्ही म्हणालात, "असं? मग आईला सांग, कोरड्या कागदात गुंडाळायचं." आणि बाहेर गेलात. अहो सर, काय माणूस होतात तुम्ही! त्याच वर्षी तुम्ही तुमचं स्वतःचं भिंग मला दिलंत, पितळी घडीचं, सगळी पोरं ज्याच्याकडे डोळे लावून बसली होती ते. माझ्यासाठी चार ठिकाणी शब्द टाकलात. मी तापानं फणफणले तेव्हा तुमच्या घरून डबा आला, त्यातल्या वरणाची चव अजून जिभेवर आहे. तुम्ही वाईट असतात तर बरं झालं असतं, माझा राग तरी सरळ चालला असता.

आता जिवाणू कुठून आला ते ऐका. यंदा बाहेरून खोक्यांतून नवी रोपं आली, तेव्हा ती उघडायच्या आधी मी जाऊन उभी राहिले. नर्सरीतल्या एकाही बाईचा हात लागला नव्हता. डागही नव्हते, पानं हिरवीगार. ती पानं नेऊन तपासली, त्यांत तो जिवाणू होता. रोग आईच्या हातांनी आणला नव्हता, तो खोक्यातून आला. हो, कात्रीनं तो पसरतो, हेही मी लिहिलंय, तुमच्यासारखं अर्धवट लिहून मोकळी झाले नाही. पण कात्री औषधात बुडवून घ्या, एवढं तुम्ही लिहिलं असतंत तरी त्या बायका आनंदानं बुडवत्या. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, आजच्या पानावरून तेव्हाचं सिद्ध होत नाही. नाही होत. तेव्हाचं पान तुम्ही कचऱ्यात टाकलंत.

अहवालावर सही केली आणि तडक गावी गेले. आई घरापुढच्या सपरीत झिंगे निवडत बसली होती. मी तिच्यासमोर फतकल मारून बसले आणि सगळं सांगितलं, आमच्या बोलीत, तिला समजेल असं.

"कोन मनते असं?" तिनं विचारलं.

"मी पाह्यलं ना माय. माझ्या डोळ्यानं."

ती हसली. "तू माझी पोरगी होय. तू तं तसंच मनशील. त्या साहेबानं कागदावर लिवून देल्लं होतं."

"तो साहेब मेला. त्याचं चुकलं होतं."

"मंग? मेल्यावर लिवलेलं पुसते का?" आणि ती पुन्हा झिंगे निवडायला लागली.

इतकं शिकून, इतक्या बशा धुऊन माझ्या शब्दाची किंमत ही. तिच्या लेखी मी पोरगीच, आणि तुम्ही साहेब.

आषाढात वहिनीचं ऑपरेशन झालं. मजूर मिळेना, सगळं गाव आपापल्या बांधीत. पऱ्हे पिवळे पडायला लागले, आज नाही रोवले तर वाया जाणार. भाऊ आणि मी चिखलात, आणि आई धुऱ्यावर, हात पदरात गुंडाळून. माझी कंबर मोडली होती, डोकं फिरलं होतं. मी तिथूनच ओरडले, "साहेबानंच सांगतलं होतं मले! मराच्या आंधी, दवाखान्यात! मनले, तुझ्या मायले सांग, तिचा हात साफ होता, चूक माझी होती!"

तुमच्या आजारपणात मी दवाखान्यात फिरकलेसुद्धा नव्हते, सर.

आई उठली. धुऱ्यावरून खाली उतरली, माझ्यापाशी आली आणि माझ्या हातातली रोपांची पेंडी हिसकून तीच माझ्या पाठीत दोनदा हाणली. "इतके वर्स काऊन नाई सांगतलं? बेइमान पोट्टी! तो बिचारा सांगून गेला अन् तू तोंडात मूग धरून बसली?" ती रडत होती, मला मारत होती, आणि मग तशीच वाकली आणि रोवायला लागली. पहिली ओळ वाकडीतिकडी गेली. नंतर मी आणि भाऊ तिच्या मागे पडलो.

ती माझ्याशी अजून धड बोलत नाही. तुमच्याबद्दल मात्र शेजारणींना सांगते, "साहेब देवमानूस होता. इतका मोठा, पन आपली चूक कबूल केली. अशी मानसं आता कुठी रायली?" मी ऐकते आणि भांडी घासते. काम मी केलं, पाया ती तुमच्या पडते, आणि पाठीत पेंडी मी खाल्ली. हे पत्र कुठे टाकणार, आणि चुकून तिला कोणी वाचून दाखवलं तर? जाळूनच टाकीन. पण एक तुम्हाला सांगते. बांधीत ते तुमचं वाक्य ओरडले ना, तेव्हा आईच्या आधी मला रडू फुटलं. खोटं होतं ते मला ठाऊक होतं, तरी तुम्ही म्हणालात असंच वाटलं.