ओठानं ओळखायचा माउथपीस

मंगळवार, संध्याकाळ

नव्या पितळी ट्युबासाठी बँडच्या मास्तरांनी फुंकायचे दोन माउथपीस पुढे ठेवले. "अहो, तुमचा ओठ म्हणेल तो."

जुन्या लहान ट्युबाला उथळ वाटीचा चालायचा, या मोठ्याला खोलच हवा. सवयीनं डोळे मिटले, दोन्ही माउथपीस एकेक करून ओठांना लावले. तोंडावरून वारं गेल्यापासून डावीकडे काही कळत नाही. दोन्ही सारखेच लागले. अंदाजानं म्हटलं, "हा."

फुंकलं. आवाज पातळ. उथळच निघाला.

मास्तर म्हणाले, "परवा येरवड्याच्या वरातीत झांजा घ्या."

बरं म्हटलं. वाईट वाटायला हवं होतं ना? वाटलं नाही.

घरी चहा पिताना बायकोनं, सुमननं, पदरानं माझी हनुवटी पुसली. चहा ओघळत होता. मला पत्ताच नव्हता.